कमान, कंदील आणि आमची जीप

माणसाने आयुष्यात एक तरी मोठी चूक रोख पैसे देऊन करावी, असं माझं मत आहे. कर्ज काढून केलेली चूक फेडता फेडता माणूस तिला चूक म्हणायचंच विसरतो. तिला तो 'ॲसेट' म्हणू लागतो. मी बँकेत कारकून आहे. दुसऱ्यांच्या अशा चुकांचे हप्ते लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली. तेव्हा मी माझी चूक रोखीने केली. २०१६ साली मी एक जुनी जीप विकत घेतली.

जीप १९९२ सालची. महिंद्रची 'एमएम ५४०'. आजकाल अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात. पण एसयूव्ही म्हटलं की ज्या गाद्या, जो गारवा आणि जे संगीत डोळ्यांपुढे येतं, त्यातलं आमच्या गाडीत काहीही नाही. संगीत आहे, पण ते दारांचं आहे.

मी राहतो सांगलीच्या विश्रामबागेत. पुण्याच्या नातेवाइकांना विश्रामबाग म्हटलं की वाडाच आठवतो. आमच्याकडे वाडा नाही. रेल्वे स्टेशन आहे, दोन मोठी कॉलेजं आहेत आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारसायकली आहेत. त्यामुळे विश्राम नाही. आणि बाग म्हणाल, तर ज्याच्या त्याच्या कुंडीत.

जीपच्या मागल्या मालकाचा धंदा वडापचा. ज्यांना वडाप ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सांगली-सातारा-कोल्हापूर भागात, जीपमध्ये मावतील त्याच्या दुप्पट माणसं बसवून, उरलेली लोंबकळत ठेवून, गावोगाव नेण्याच्या धंद्याला वडाप म्हणतात. या गाडीने आयुष्याची पंचवीसेक वर्षं गर्दीत काढली होती. आमच्या चार माणसांच्या कुटुंबात आल्यावर तिला करमेना. रिकामी गाडी खड्ड्यातून अशी उडायची की, आपण रस्त्याने जात नसून मधून मधून रस्त्याला भेट देत आहोत असं वाटावं.

"विकून टाका ते धूड," असं आमची ही दर दिवाळीला म्हणते. मीही विकायचं ठरवलं होतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर चढलं, आणि गावभागातले आमचे तीन नातेवाईक, त्यांची अंथरुणं, गॅसच्या शेगड्या आणि एक शिवणयंत्र याच जीपने विश्रामबागेत आणलं. त्यानंतर तिला धूड म्हणणं दोन वर्षं बंद होतं. मग सवयीने पुन्हा सुरू झालं.

खरी गोष्ट घडली ती मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. आईला औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जायचं होतं. वय सत्त्याहत्तर, मणक्याचं दुखणं जुनं. जाताना ती काही बोलली नाही. येताना अंधार पडला होता. भिलवडी-अंकलखोपच्या रस्त्याला त्या दिवसांत ऊसच ऊस वाहत असतो. आमच्या जीपचे दिवे म्हणजे दोन समया. त्या उजेडात रस्ता दिसत नसे. रस्ता असावा असा तर्क करता येई. आणि एकाएकी माझ्या पुढ्यात, दहा-बारा हातांवर, उसाची भिंत उभी राहिली. ती बैलगाडी होती. मागे दिवा नाही, कंदील नाही, काही नाही. मी स्टिअरिंग फिरवलं, जीप साइडपट्टीवर उतरली, एका खड्ड्यात आदळली आणि थांबली.

मी तावातावाने खाली उतरलो. गाडीवान बीडकडचा, बायकोपोरांसह ऊसतोडीला आलेला. पोरं उसावरच झोपली होती. मी ओरडलो, "अरे बाबा, मागं एक दिवा तरी लावावा की नाही?" तो झोपेतून जागा होत म्हणाला, "बैलायला दिसतंय की, सायेब."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

घरी आल्यावर आई आठ दिवस अंथरुणावर होती. तक्रार केली नाही. नवव्या दिवशी फक्त म्हणाली, "अरे, औदुंबर आता घरूनच करत जाईन मी. तिथनं इथनं दत्त एकच." आई तक्रार करते तेव्हा मला काळजी नसते. ती तत्त्वज्ञान सांगू लागली की मात्र मी घाबरतो.

त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं : जीपच्या कमानी आणि दिवे दोन्ही बदलायचे, आणि घरी, अंगणात, स्वतः बदलायचे. हिने विचारलं, "तुम्ही?" एका शब्दात एवढा अविश्वास मी फक्त नोटा मोजणाऱ्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला जमा-खर्चाचे दोन्ही रकाने जुळवता येतात, पण घरातला मिक्सर उघडला की जोडताना एक स्क्रू उरतोच.

सुदैवाने आमच्या शेजारी इंजिनिअरिंगचे एक निवृत्त प्रोफेसर राहतात. निवृत्त प्रोफेसर हा एक भरलेला हौद असतो. कुणीतरी बादली घेऊन यायची तो वाट पाहत असतो. मी बादली घेऊन गेलो.

"आधी इतिहास समजून घ्या," सर म्हणाले. "पाना नंतर हातात घ्या."

पुढचे तीन रविवार मी इतिहास समजून घेतला. त्यातलं जे माझ्या डोक्यात राहिलं ते असं.

चाकाचा शोध लागल्यावर माणूस हजारो वर्षं हाडं मोजत प्रवास करत होता. बैलगाडीला कमान नसते. रस्त्याचा दगड थेट पाठीच्या मणक्याशी बोलतो. युरोपातले सरदार-दरकदार घोडागाडीचा डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत. धक्का कमी बसे, पण गाडी पाळण्यासारखी झुले आणि सरदारांना मळमळे. मग १८०४ साली लंडनच्या ओबादिया इलियट नावाच्या गाड्या बांधणाऱ्याने पोलादी पट्ट्या एकावर एक रचून त्यांच्या कमानींवर गाडी बसवली आणि त्याचं पेटंट घेतलं. मिरज-सांगलीच्या टांग्याखाली ज्या कमानी असत, त्यांचं गोत्र हेच. माझ्या जीपखाली आहेत त्याही त्याच. म्हणजे पेशवाई असताना लागलेला शोध मी अंगणात उलगडायला निघालो होतो.

कमान हा शब्द फारसी, अर्थ धनुष्य. आमचे मिस्त्री तिला 'पाटा' म्हणतात. सगळ्यांत लांब पाटा वर, त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. भार मध्यावर जास्त येतो म्हणून जाडी मध्यावर जास्त. गाडी दबली की पाटे सरळ होतात, एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेच गाडीची उसळी थोडी आवरते. उरलेली उसळी आवरायला शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आमच्या बाजारातला 'शॉकअप'. मात्र पाट्यांमध्ये गंज चढला की ते एकमेकांवरून सरकायचे थांबतात आणि सगळी कमान एकसंध ओंडक्यासारखी होते. मला आमच्या शाखेतली काही टेबलं आठवली.

जीपचा जन्मही असाच घाईगर्दीचा. १९४० साली युरोप युद्धात होरपळत असताना अमेरिकन लष्कराने कारखान्यांना फर्मावलं : हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि नमुना मुदतीत हजर झाला. आमच्याकडे ४९ दिवसांत टेबलफॅनची मंजुरी येत नाही! पुढे मोठी ऑर्डर मिळाली ती विलीज आणि फोर्ड या दांडग्यांना. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या. त्या सगळ्या पाट्यांवरच उभ्या होत्या, कारण पाटा स्वस्त, आणि तुटला तर लोहारालाही जमतो. सैनिकाच्या पाठीची चौकशी युद्धखात्याने केली असेल असं मला आमच्या जीपवरून तरी वाटत नाही.

आपल्याकडे १९४५ साली कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्र या बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ मध्ये तर गव्हर्नर जनरलच. १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. आद्याक्षरं मात्र तीच राहिली. एवढा देश दुभंगला, पण 'एम अँड एम'चे दोन्ही 'एम' जागेवरच राहिले. हिशेबनिसाला यात दिलासा वाटतो, आणि थोडं वाईटही वाटतं. याच कंपनीने १९४७ पासून विलीजच्या जीपा भारतीय रस्त्यांवर आणल्या. मग कलेक्टर, बीडीओ, फौजदार, पुढारी अशा सगळ्यांच्या बुडाखाली जीप आली. पंचायत समितीची जीप आली की गावात आधी धूळ पोचे, मग साहेब पोचे, आणि योजना कधी कधी पोचत नसे.

जुनी जीप घेऊन फसणारा मी पहिला नाही, हेही मला सरांकडूनच कळलं. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून जुन्या जीपा घेण्याचा करार झाला. तेव्हाचे आपले हायकमिशनर कृष्ण मेनन. रक्कम सुमारे ८० लाख. आल्या १५५ जीपा, आणि त्या लष्कराने नापास केल्या. संसदेत वर्षानुवर्षं गदारोळ झाला. माझी तर एकच जीप होती, आणि गदारोळ स्वयंपाकघरापुरता.

इतिहास संपला आणि मी पाना हातात घेतला. इथे मी पहिली चूक केली. सर म्हणत होते आधी कमानी करा. मी दिव्यांपासून सुरुवात केली. दिव्यांत वजन उचलावं लागत नाही, हे माझं शास्त्रीय कारण.

दिव्यांनाही इतिहास आहे. बैलगाडीच्या आखाखाली टांगलेला कंदील आठवा. तो वाट दाखवण्यासाठी नसेच. वाट बैलांना पाठ असे. तो कंदील 'आम्ही इथे आहोत' हे दुसऱ्याला सांगण्यासाठी असे. पहिल्या मोटारींना तेलाचे दिवे, मग कार्बाइडचे : कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पाडायचं आणि निघालेला वायू पेटवायचा. ज्या कार्बाइडने पुढे व्यापाऱ्यांनी आंबे पिकवले, त्यावर एकेकाळी मोटारी चालल्या. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला, त्याबरोबर विजेचे दिवेही गाडीचा नेहमीचा भाग झाले. १९४० मध्ये अमेरिकेत सात इंचांचा गोल, बंद दिवा आला. तोच गोल चेहरा आमच्या जीपपर्यंत चालत आला. १९६२ पासून युरोपात हॅलोजनचे बल्ब आले, आणि १९७१ मध्ये एकाच बल्बात जवळचा आणि लांबचा अशा दोन्ही तारा असलेला 'एच-४' आला. त्याच १९७१ च्या डिसेंबरात आपल्याकडे युद्धामुळे दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवून गाड्या चालत होत्या. माझे वडील सांगत, शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून तो रंग. पण युद्ध संपल्यावरही कित्येकांनी तो ठेवला, कारण समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येत नसे. शत्रूसाठी केलेली सोय शेजाऱ्याच्या उपयोगी पडली!

दुकानदार मला शंभर वॅटचे बल्ब देत होता. नाहीतर एलईडी घ्या म्हणाला, "साहेब, दिवस उजाडेल दिवस!" सरांनी हात आडवा घातला. जुन्या दिव्याची वाटी हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेली. उजेडाची जागा जराशी चुकली की तो रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. "आणि मुळात तुमचा बल्ब वाईट आहे हे कुणी सांगितलं?" म्हणून त्यांनी मीटर आणला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट. बल्बापाशी दहा. मधले अडीच व्होल्ट गेले कुठे? तीस वर्षांच्या बारीक, गंजक्या तारांत आणि डॅशबोर्डच्या बटनात. आणि व्होल्ट पाचवा हिस्सा घटले की उजेड निम्म्याहून खाली येतो.

हे मला तात्काळ समजलं. योजनेचा पैसा पाच टेबलांवरून फिरून येतो तेव्हा गरजवंताच्या हाती किती पडतो, हे बँकेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. उपाय होता रिले. जाड तारेने वीज बॅटरीतून थेट दिव्याला, मध्ये फ्यूज; डॅशबोर्डच्या बटनाने फक्त हुकूम द्यायचा, रक्कम त्याच्या हातून जाऊ द्यायची नाही. मी दोन रविवार खपून रिले बसवले. ६०/५५ वॅटचेच साधे बल्ब घातले. बटन दाबलं, आणि अंगण असं उजळलं की ही म्हणाली, "अगंबाई, किती कचरा आहे इथे!"

मग कमानी. कुपवाडचे एक मिस्त्री सुट्टीच्या दिवशी यायला कबूल झाले. गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवली. "जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही साहेब, जॅक कुणाचा नसतो," हे त्यांचं पहिलं वाक्य. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीपासून तेल पाजलं होतं, तरी एकेक बोल्ट माझ्याशी जुन्या थकबाकीदारासारखा वागला. शेवटी मागची कमान खाली उतरली. मिस्त्रींनी ती उलगडली, पाटे मोजले आणि हसले.

"साहेब, तुमच्या गाडीला काही नवीन लागत नाही. एक पाटा जास्ती हाय."

वडापवाल्याने पंधरा-वीस माणसांच्या भारासाठी मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला होता. गाडी माझ्याकडे आली, माणसं उतरून गेली, आणि पाटा तसाच राहिला. सात वर्षं माझी आई त्या न बसलेल्या माणसांसाठी घातलेल्या पाट्यावर बसून प्रवास करत होती.

मी जमिनीवर बसकण मारली. मी महिनाभर काय काय आणायचं याची यादी करत होतो. काय काढायचं याची यादी केलीच नव्हती.

बाकीचं काम मिस्त्रींनी केलं. मी वायरब्रशने पाट्यांचा गंज घासला आणि त्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरलं. मधला बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घातले. रबराचे बुश नवे, चारही शॉकअप नवे. बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावर, तिचं वजन तिच्यावर आल्यावरच आवळले. "अधांतरी आवळलं तर रबर पिळून फाटतंय," मिस्त्री म्हणाले. संसारालाही हे लागू असावं, पण ही जवळच उभी होती म्हणून मी विचारलं नाही.

त्या रात्री मी ऐटीत दिवे लावले आणि समोरच्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावरून आरोळी आली, "कोण आहे रे?" तिथले गृहस्थ बाल्कनीत दात घासत होते. झोत थेट त्यांच्या तोंडावर. माझी पहिली चूक आता उजेडात आली होती, आणि शब्दशः. जादा पाट्यामुळे गाडीचं बूड उंच आणि नाक खाली होतं. मी त्या वाकलेल्या नाकाच्या हिशेबाने दिवे बसवले. पाटा काढला, बूड बसलं, नाक वर झालं आणि दिवे आकाशाला भिडले. तेव्हा समजलं, सर कमानी आधी करा का म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी कंपाउंडच्या भिंतीपासून साडेसात मीटरवर सपाटीला उभी केली. सरांनी भिंतीवर खडूने दिव्यांच्या उंचीची रेघ मारली आणि तिच्याखाली तीन इंचांवर दुसरी. जवळचा झोत या खालच्या रेघेच्या वर जाता कामा नये. वजन पाहिजे म्हणून मागच्या सीटवर हिला आणि आईला बसवलं. दोघी शालू नेसून फोटोला बसल्यासारख्या बसल्या. मी स्क्रू पिळत होतो आणि सर वर्गात ओरडावं तसे ओरडत होते : "खाली! अजून खाली! समोरून येणाऱ्यालाही आई आहे!"

रात्री मी खतावणी मांडली. वर्षभर मी ज्याला गाडी 'सुधारणं' म्हणत होतो, त्यात दोन मोठ्या नोंदी होत्या. एक पाटा काढला. दोन दिवे खाली केले. बाकी सगळा किरकोळ खर्च.

माघातल्या एका गुरुवारी मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "बघू तर, एवढा खटाटोप केलायस तो." संध्याकाळची आरती करून आम्ही परतलो तेव्हा अंधार दाट होता. अंकलखोप मागे पडलं. लांबून उसाची एक बैलगाडी दिसली; बरीच लांबून, एखादा विचार मनात पुरता करता येईल इतक्या लांबून. मी वेग कमी केला. गाडी थांबवून गाडीवानाला हाक मारली. तो माझा मार्गशीर्षातला गाडीवान नव्हता, पण पोरं याच्याही उसावर झोपलेली होती. मी खिशातून लाल रेडियमच्या दोन पट्ट्या काढल्या. त्यात रेडियम नसतं, पण सगळे तसंच म्हणतात. त्या त्याच्या गाडीच्या मागच्या आडव्या दांडीवर चिकटवल्या. तो काही बोलला नाही. त्याने फक्त खाली उतरून, मागे जाऊन, माझ्या दिव्यांत त्या चमकताना पाहिल्या आणि पुन्हा वर चढला. बैलांना त्यातलं काही नको होतं. ती चालू लागली.

मी जीपमध्ये परत आलो. आईला म्हणालो, "दुखतंय का गं पाठीत?"

उत्तर आलं नाही. मागे वळून पाहिलं तर आई झोपली होती. औदुंबरचा प्रसाद तिच्या मांडीवर होता, आणि पुढचा खड्डा येऊन गेला तरी तो मांडीवरच राहिला.